गोळी कमी केली की दुखणं का उलटतं?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचे दोन्ही खांदे आणि मांड्या एकाएकी धरल्या. सकाळी पलंगावरून उठायला आधार लागे आणि अंबाडा घालायला हात वर जात नसे. आधी वाटलं, वय झालं; मग फ्रोझन शोल्डर म्हणून शेकून पाहिलं. शेवटी संधिवाततज्ज्ञांनी ‘पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका’ असं निदान करून प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅम रोज सुरू केलं. तिसऱ्या दिवशी त्या आपल्या आपण उठून चहा टाकत होत्या! महिनाभर छान गेला. स्टिरॉइड वाईट असं जो तो सांगत होता, म्हणून पुढच्या तपासणीची वाट न पाहता आम्ही १५ची गोळी थांबवून ५ची सुरू केली. तीन आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं झालं. सीआरपी ३८ आला, डॉक्टरांनी पुन्हा १५ लिहून दिलं. बरा झालेला आजार परत आलाच कसा? चूक आमची की गोळीची? आणि हे असं किती वर्षं चालायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचे प्रश्न तीन असले तरी कोडं एकच आहे. ज्या गोळीने माणूस तीन दिवसांत उभा राहतो, ती कमी केल्यावर आजार जसाच्या तसा हजर कसा होतो? थोडक्यात सांगायचं तर आजार गेलेलाच नव्हता, दबून होता. गोळीने आपलं काम चोख केलं होतं, सासूबाईंचंही काही चुकलं नाही. घाई मात्र झाली, आणि तीही काळजीपोटी. या आजारात अशी घाई इतके जण करतात की तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. आता एकेक गाठ सोडवू.

दुखतं दंडात, पण बिघाड कुठे?

पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पीएमआर’, हा उतारवयातला आजार आहे. पन्नाशीच्या आत तो जवळजवळ होतच नाही आणि सत्तरीच्या पुढेमागे सर्वाधिक दिसतो. पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट जास्त आढळतो. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कसारख्या उत्तर युरोपीय देशांत आणि अमेरिकेत गेलेल्या त्यांच्या वंशजांत तो बराच आहे. आपल्याकडे तो कमी दिसतो, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला झाल्याचं सहसा ऐकिवात नसतं आणि निदानाआधी दोन-चार महिने शेक, मालिश आणि ‘आता वय झालं’ यातच जातात.

दुखणं दंडात आणि मांडीत जाणवतं, म्हणून स्नायू बिघडले असं वाटणं साहजिक आहे. पण स्नायूंच्या बिघाडात वाढणारी सीपीके ही रक्तचाचणी इथे नॉर्मल येते. दाह असतो तो खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांभोवती. तिथे स्नायुबंध हाडावर घासू नयेत म्हणून लहान द्रवाच्या पिशव्या असतात. त्या पिशव्या आणि स्नायुबंधांची आवरणं सुजतात. एक्स-रेत काही दिसत नाही, पण सोनोग्राफीत ही सूज बऱ्याचदा सापडते.

हा दाह शरीराची प्रतिकारयंत्रणाच पेटवते. त्यात इंटरल्यूकिन-६ नावाचं एक रसायन पुढे असतं. ते यकृताला निरोप देतं, यकृत सीआरपी बनवतं आणि रक्तातला आकडा वाढतो. इंटरल्यूकिन-६चं प्रमाण रात्री उशिरा आणि पहाटे चढतं. सकाळी पाऊण तास, तासभर अंग लाकडासारखं राहतं आणि दुपारपर्यंत माणूस बऱ्यापैकी हालचाल करू लागतो, त्यामागे हे एक कारण आहे.

दबणं वेगळं, बरं होणं वेगळं

दूध उतू जायला लागलं की आपण पाण्याचा हबका मारतो. दूध खाली बसतं, पण खालचा गॅस चालूच असतो. हात आखडता घेतला की ते पुन्हा वर येतं. प्रेडनिसोलोनचं काम हे हबक्याचं आहे. ते दाह घडवणाऱ्या रसायनांचं उत्पादन रोखतं, म्हणून दोन-तीन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम पडतो. पण मूळ प्रक्रिया का सुरू झाली आणि ती कधी थांबणार, यावर गोळीची फारशी सत्ता चालत नाही.

ती प्रक्रिया पुष्कळ जणांत पुढे आपोआप थंडावते, ही यातली दिलासा देणारी बाजू. स्कॉटलंडच्या विल्यम ब्रूस या डॉक्टरांनी १८८८ मध्ये अशा पाच वृद्ध रुग्णांचं वर्णन केलं. तेव्हा स्टिरॉइडं नव्हतीच. मोठा काळ हाल सोसून का होईना, पण माणसं त्यातून बाहेर येतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुढे २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या एका रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन टोचलं. या कामासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि तादेउश राइखश्टाइन यांना १९५० चं नोबेल मिळालं. स्टिरॉइडमुळे हाल सोसायची पाळी टळली. आजाराचं घड्याळ मात्र आपल्याच गतीने चालत राहिलं.

ते किती चालतं? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये केलेल्या एका आढाव्यात साधारण असं चित्र दिसलं : वर्षानंतर चारातल्या तिघांची, दोन वर्षांनंतर निम्म्यांची आणि पाच वर्षांनंतरही चारातल्या एकाची गोळी चालू होती. पहिल्या वर्षातच दुखणं निदान एकदा उलटलेले शंभरात ४३ जण होते. म्हणजे सासूबाईंच्या बाबतीत घडलं ते अपवादात्मक नाही. आणि ‘किती वर्षं?’ याचं प्रामाणिक उत्तर असं की बहुतेकांना निदान एक ते दोन वर्षं धरून चालावं लागतं, जवळपास निम्म्यांना त्याहूनही जास्त. एवढं नक्की की नुसत्या पीएमआरमुळे आयुष्य कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

घाईत गोळी जास्तच का जाते?

युरोप आणि अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मध्ये मिळून शिफारशी केल्या. सुरुवात रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान करावी. चार ते आठ आठवड्यांत १० वर यावं. तिथून पुढे, तब्येत ठीक असेल तर, दर चार आठवड्यांनी फक्त १ मिलिग्रॅम कमी करावं. १० पासून शून्यापर्यंत दहा टप्पे, म्हणजे ४० आठवडे, अधिक आधीचे आठ. सगळं सुरळीत झालं तरी वर्षाला थोडंच कमी. हा आजार एका कोर्सचा नाही हे या हिशेबातच आलं.

तुम्ही केलेल्या बदलाकडे आता आकड्यांनी बघा. १५ वरून ५ म्हणजे दोनतृतीयांश औषध एका रात्रीत गेलं. ‘एकच मिलिग्रॅम काय कमी करायचं?’ असंही पुष्कळांना वाटतं. पण १० वरून ९ म्हणजे दहावा हिस्सा, ५ वरून ४ म्हणजे पाचवा आणि २ वरून १ म्हणजे थेट निम्मा. जितकं खाली यावं तितका तोच एक मिलिग्रॅम शरीराला मोठा वाटतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यांत डॉक्टर कधीकधी एका डोसवर चारऐवजी सहा-आठ आठवडे थांबवतात, ते उगीच नाही.

आता एकूण गोळीचा हिशेब. पहिल्या महिन्यानंतर चार आठवडे १२.५ आणि पुढे १०, ९, ८, ७, ६ असे चार-चार आठवडे घेतले असते, तर ५ वर पोचेपर्यंत २४ आठवडे लागले असते आणि पोटात गेलं असतं १४७० मिलिग्रॅम. तुमच्या वाटेने तीन आठवडे ५ (१०५ मिलिग्रॅम), मग पुन्हा चार आठवडे १५ (४२० मिलिग्रॅम) आणि त्यानंतर तोच २४ आठवड्यांचा उतार. बेरीज १९९५. म्हणजे ५ च्या १०५ गोळ्या जास्त आणि सात आठवडे वाया, वर दुखणं सोसलं ते वेगळंच. स्टिरॉइड कमी जावं म्हणून केलेल्या घाईने ते जास्तच जातं, हा या आजारातला सगळ्यात उलटा न्याय आहे.

हा उतार घरात पाळायचा कसा, हेही सांगतो. १ मिलिग्रॅमची गोळी प्रत्येक दुकानात मिळतेच असं नाही. तेव्हा डॉक्टर एक दिवस १० आणि दुसऱ्या दिवशी ७.५ असं लिहून देतात. सरासरी पडते ८.७५. ५ ची गोळी निम्मी करायला औषधाच्या दुकानात मिळणारा छोटा कटर बरा, सुरीने एक तुकडा मोठा आणि एक लहान होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या-त्या तारखेच्या चौकोनात डोसचा आकडा आधीच लिहून ठेवावा आणि गोळी घेतली की खूण करावी. एक दिवसाआडच्या हिशेबात ‘काल किती घेतली होती?’ हा वाद घरोघरी होतो, तो यामुळे मिटतो.

आणखी एक खबरदारी. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरं स्टिरॉइड दिलं तर आकडा तोच ठेवू नका. प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम म्हणजे डेफ्लाझाकोर्टचे ६ आणि मिथाइल प्रेडनिसोलोनचे ४. नाव बदललं की डोस नकळत कमी किंवा जास्त होतो, आणि मग दुखणं का उलटलं याचा शोध भलतीकडेच सुरू होतो.

धोका कुणाला जास्त?

सगळ्यांचं दुखणं सारखं उलटत नाही. जे दुवे पुन्हा पुन्हा समोर आले आहेत त्यांत पहिला गोळी उतरवण्याच्या वेगाचा. मेयो क्लिनिक ज्या ओल्मस्टेड परगण्यात आहे, तिथल्या रहिवाशांच्या वैद्यकीय नोंदी अनेक दशकांच्या सलग उपलब्ध आहेत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा डोस झपाट्याने उतरवला त्यांना उलटण्याचा धोका जास्त होता. सुरुवातीचा डोस मोठा असलेल्यांनाही तो जास्त होता. त्यामुळे ‘सुरुवातीलाच भरपूर देऊन आजार मुळापासून काढू’ हा विचार इथे लागू पडत नाही.

दुसरा दुवा दाहाच्या जोराचा. निदानाच्या वेळी ईएसआर (दाह दाखवणारी दुसरी रक्तचाचणी) ४० च्या वर असेल, किंवा खांदे-मांड्यांखेरीज मनगटं आणि हाताचे सांधेही सुजलेले असतील, तर काही अभ्यासांत अशा रुग्णांची गोळी लांबलेली किंवा दुखणं जास्त वेळा उलटलेलं दिसलं. बायकांतही धोका जास्त असल्याचं काही ठिकाणी आढळलं, काही ठिकाणी तसा फरक दिसला नाही. गोळी चालू असूनही सीआरपी पूर्ण खाली येत नसेल तर दाह अजून धुमसतोय असं समजून डॉक्टर उतार सावकाश ठेवतात.

तिसरी शक्यता निदानाची. उतारवयात सुरू झालेला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस पहिल्या काही महिन्यांत हुबेहूब पीएमआरसारखा वागू शकतो. गोळी कमी केली की तो हातापायांच्या लहान सांध्यांत तोंड वर काढतो. म्हणून दुखणं वारंवार उलटत असेल तर डॉक्टर आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या नव्याने सांगतात. त्यांना निदान येत नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

आता ज्यांचा धोक्याशी संबंध जोडला जातो पण तसा पुरावा नाही त्या गोष्टी. वांगं, वाल, चवळी, हरभऱ्याची डाळ, ताक, दही यांनी पीएमआर उलटतो असं कुठे दिसलेलं नाही. थंडीत अंग जास्त आखडतं हे खरं, पण फरशीवर अनवाणी चालल्याने किंवा पंख्याखाली झोपल्याने हा आजार उचल खात नाही. घरातली हलकी कामं आणि रोजचं चालणं चालू ठेवावं. पथ्य करायचंच असेल तर मिठाचं करा, कारण स्टिरॉइडने शरीरात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढू शकतो. लोणचं-पापड बेताने, एवढं पुरे.

प्रत्येक वेळी खांदा दुखला म्हणजे उलटलं का?

नाही, आणि ही समजूत घाईइतकीच महागात पडते. एकदा अनुभव आला की घरातले धास्तावतात आणि जरा कुठे दुखलं की डोस वाढवतात. सत्तरीच्या माणसाचा खांदा दुखायला दहा कारणं असतात. मधुमेहात फ्रोझन शोल्डर होतो, जुने स्नायुबंध फाटतात, मानेची झीज असते. पाठीत अचानक कळ आली तर हाड ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने मांड्यांचे स्नायू अशक्तही होतात; तेव्हा फारसं दुखत नाही, पण खालून उठवत नाही. या शेवटच्या प्रकारात डोस वाढवला तर तब्येत आणखी बिघडेल.

तेव्हा आधी काही गोष्टी पाहाव्यात. दुखणं दोन्ही बाजूंना आहे का? सकाळचा ताठरपणा पाऊण तासाच्या वर टिकतो का? पहिल्या वेळचीच लक्षणं आहेत का? आणि सीआरपी, ईएसआर वाढलेत का? एकच खांदा, तोही संध्याकाळी पिशवी उचलल्यावर दुखत असेल, तर पीएमआरला दोष देऊ नये.

आकडे वाचतानाही तारतम्य हवं. ईएसआर वयाबरोबर वाढतो. ढोबळ नियम असा की पुरुषांसाठी वयाच्या निम्मे आणि बायकांसाठी वयात दहा मिळवून त्याच्या निम्मे इथपर्यंत तो चालवून घेतात. म्हणजे ७२ वर्षांच्या बाईला ४१. लॅबच्या कागदावर २० च्या पुढचा आकडा ठळक छापलेला पाहून दचकण्याआधी हे लक्षात घ्यावं. अशक्तपणात, हिमोग्लोबिन कमी असतानाही ईएसआर चढतो. सीआरपी तुलनेने चटकन वर-खाली होतो, पण लघवीचा संसर्ग, दाढेचं गळू, छातीतला कफ यांनीही तो वाढतो. म्हणून नुसत्या आकड्यासाठी डोस वाढवत नाहीत. लक्षणं आणि आकडा यांची जोडी जमायला हवी.

अजून एक चकवा साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास भेटतो. आपल्या मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवतात, सुमारे ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून महिनोन्‌महिने पुरवठा झाला की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येणारे हुकूम बंद होतात आणि ॲड्रिनल सुस्तावतात. डोस ५ च्या खाली गेला की उरलेली गरज त्यांनी भागवायची असते, पण त्यांना पुन्हा जोर यायला वेळ लागतो. तोवर थकवा, अंगदुखी, भूक मंदावणं, मळमळ, उठल्यावर घेरी असं होतं. हे उलटल्यासारखं भासतं, पण सीआरपी खालीच असतो. त्या दिवशीची गोळी घेण्याआधी सकाळी कॉर्टिसॉलची रक्तचाचणी केली की ग्रंथी कितपत जाग्या झाल्यात याचा अंदाज येतो.

‘स्टिरॉइडची सवय लागते’ असं जे म्हणतात त्यामागचं खरं कारण हेच आहे. हे व्यसन नव्हे, स्वतःचा कारखाना बंद पडल्याने आलेलं परावलंबन आहे आणि हळूहळू उतरवलं की बहुतेकांचं सुटतं. पण म्हणूनच गोळी एकदम बंद करू नये. एकादशीचा उपवास असला तरी खिचडी खाऊन गोळी घ्यावी. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, किंवा ऑपरेशन, मोठा ताप असं काही असेल, तर डॉक्टरांना लगेच कळवावं. त्या वेळी शरीराला नेहमीपेक्षा जास्त स्टिरॉइड लागतं.

खरंच उलटलं तर पुढे काय?

तुमच्या डॉक्टरांनी केलं तेच. उलटण्याआधी ज्या डोसवर माणूस ठीक होता तिथे परत जायचं, चार ते आठ आठवड्यांत ज्या डोसवर उलटलं तिथपर्यंत सावकाश यायचं, आणि त्याच्या खाली आणखी बेताने उतरायचं. सासूबाईंना १५ पुन्हा लिहून दिली ती याच हिशेबाने. मात्र त्या १५ वरून थेट ५ वर आल्या होत्या, त्यामुळे कुठल्या डोसपर्यंत त्या खरोखर ठीक राहतात हे अजून कळलेलंच नाही. आता टप्प्याटप्प्याने येताना ते कळेल. ती माहिती पुढच्या उतारासाठी फार मोलाची असते.

दुखणं पुन्हा पुन्हा उलटत असेल, किंवा मधुमेह, ठिसूळ हाडं, काचबिंदू यांमुळे स्टिरॉइड झेपत नसेल, तर मेथोट्रेक्सेट जोडतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. रोजच्या डब्यात पडून ती रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ती वेगळी ठेवा आणि पाकिटावर वार लिहा. यापुढचा टप्पा इंटरल्यूकिन-६ ला अडवणाऱ्या इंजेक्शनांचा. त्यातल्या सारिलुमॅबला अमेरिकेच्या औषध नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये पीएमआरसाठी मान्यता दिली. गोळी उतरवताना दुखणं उलटलेल्या ११८ रुग्णांवरच्या चाचणीत ५२ आठवड्यांनी टिकाऊ आराम या इंजेक्शनाच्या गटात २८ टक्क्यांना, तर हे औषध न मिळालेल्या गटात १० टक्क्यांना मिळाला. एकदा आराम पडल्यावर दुखणं उलटण्याचं प्रमाण अनुक्रमे २४ आणि ५७ टक्के होतं. औषध महाग आहे आणि आपल्याकडे क्षयरोगाची तपासणी आधी करावी लागते. शिवाय या औषधाने सीआरपी आपोआप खाली राहतो, त्यामुळे त्या आकड्यावर मग विसंबता येत नाही.

कुठे थांबायचं नाही?

पीएमआर असलेल्यांपैकी साधारण पाच-सहांत एकाला जायंट सेल आर्टरायटिस हा रक्तवाहिन्यांचा दाह सोबत असतो किंवा नंतर होतो. दुखणं उलटतानाही तो पहिल्यांदा दिसू शकतो. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, कानशील दुखणं किंवा केस विंचरताना डोकं हुळहुळणं, चपाती चावता चावता जबडा भरून येणं, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होणं किंवा दोन-दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. यात डोळ्याची नस कायमची जाऊ शकते. उपचाराचा डोसही मोठा, बहुधा ४० ते ६० मिलिग्रॅम असतो. पीएमआरची १०-१५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे, म्हणून धोका नाही असं समजू नये.

स्टिरॉइडची भीती कितपत धरायची?

भीती धरून गोळी टाळण्यापेक्षा तिच्या दुष्परिणामांवर पाळत ठेवणं शहाणपणाचं. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जोरात होते, म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि गरज पडल्यास हाडं टिकवणारं औषध सुरुवातीपासूनच देतात. डेक्सा ही हाडांची तपासणी त्यासाठीच. साखरेची गंमत अशी की सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम दुपारी-संध्याकाळी दिसतो. उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निर्धास्त होऊ नका, दुपारच्या जेवणानंतरची तपासा. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू वर्षातून एकदा दाखवून घ्या. आणि ‘स्टिरॉइडविरहित’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून दूर राहा. त्यांतल्या काहींत तपासणीअंती स्टिरॉइडच सापडलेलं आहे, तेही किती ते कुणाला ठाऊक नसताना.

गोळी पूर्ण सुटल्यावर पुन्हा येतो का?

काहींना येतो, बहुधा पहिल्या काही महिन्यांत. तेव्हा नेमकी गफलत होते ती अशी : औषधाच्या डब्यात उरलेली पाकिटं असतातच, दोन दिवस खांदे धरले की त्यातली १० ची गोळी घेतली जाते, बरं वाटतं, आणि चार दिवसांनी डॉक्टरांकडे जाताना सीआरपी निम्म्यावर आलेला असतो. मग तो पीएमआर होता, संसर्ग होता की आणखी काही, हे त्यांना ओळखता येत नाही. प्रेडनिसोलोनने पुष्कळ दुखणी तात्पुरती बरी वाटतात, त्यामुळे ‘गोळीने बरं वाटलं म्हणजे तेच होतं’ हा पुरावा कच्चा आहे. म्हणून गोळी बंद झाल्यावर दोन्ही खांदे किंवा मांड्या सकाळी पुन्हा आखडू लागल्या, तर त्याच आठवड्यात सीआरपी-ईएसआर करून घ्या आणि कागद घेऊन डॉक्टरांना भेटा. वर सांगितलेली डोळ्यांची आणि डोक्याची लक्षणं असतील तर रिपोर्टसाठीही थांबू नका. एरवी मात्र आधी रक्त, मग गोळी.